अत्यंत समाधानी रुग्ण

नव्या दवाखान्याची पाटी दिसली की माझं काहीतरी दुखायला लागतं. या आजाराला अजून नाव पडलेलं नाही, पण तो होण्याची सगळी सोय सिल्वासात आहे. किलवणी नाक्यावरून सहज पाय मोकळे करायला निघावं, तर दातांचे, डोळ्यांचे, हाडांचे, साखरेचे आणि शिवाय 'सर्व रोगांवर खात्रीशीर' असे इतके फलक लागतात, की धडधाकट माणसाला आपलं काहीच कसं बिघडलेलं नाही याची लाज वाटावी. ती लाज मी फार दिवस वाटू दिली नाही.

मी मूळचा जळगावकडचा. विक्रीकराच्या सवलतींमुळे इथे कारखान्यांचं पीक आलं, तेव्हा धाग्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून आलो आणि इथलाच झालो. त्या काळी दुखणं मोठं असलं तर विनोबा भाव्यांच्या नावाचं सरकारी रुग्णालय, त्याहून मोठं असलं तर वापीला जाऊन मुंबईची गाडी. आता गावात वैद्यकीय महाविद्यालय आहे, ७ मार्च २०२५ ला ४५० खाटांच्या नमो हॉस्पिटलचं उद्घाटन झालं, आणि खासगी दवाखाने तर मोजण्यापलीकडे. म्हणजे आजारी पडण्याच्या दृष्टीने मी सिल्वासात जरा लवकरच आलो म्हणायचं.

हा मुलूख तसा जिगरीचा. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटलं. त्या मोहिमेत सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे अशी आपली माणसं होती. त्यानंतर ११ ऑगस्ट १९६१ ला भारतात सामील होईपर्यंत सात वर्षं या इवल्याशा मुलखाने वरिष्ठ पंचायत नेमून आपला कारभार आपणच पाहिला. तिथे राहून मला एक रक्तदाब सांभाळता आला नाही.

तो सापडला गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांना. गुजराती गृहस्थ, पण आमच्याशी मराठीत आणि वारली पेशंटशी त्याच्या बोलीत बोलायचे. दवाखाना म्हणजे एक खोली, बाहेर बाकडं, आत बुटांच्या खोक्यांत पेशंटांची कार्डं. मधला पडदा अर्धाच, त्यामुळे आतल्याचं दुखणं बाहेरच्याला तोंडपाठ. डॉक्टरांनी मला रोज सकाळी एक गोळी सांगितली आणि लोणचं-पापड बंद केलं. एवढंच! इतका नावाजलेला आजार आणि त्याला एक गोळी? मी जरा खट्टूच झालो.

खरी अडचण पुढे आली. दर महिन्याला ते माझं कार्ड काढत, चष्म्यावरून पाहत आणि विचारत, "लोणचं?"

"बंद," मी.

मग ते माझा उजवा हात हातात घेत. मला वाटे नाडी बघताहेत. ते बघत नखं. खानदेशी लोणच्याचं तेल आणि हळद नखाच्या कडेला कशी धरून राहते हे त्या माणसाला ठाऊक होतं. काही न बोलता कार्डावर दोन शब्द लिहीत. सासरे गेले त्या महिन्यात दाब चढला होता, मुलगी बाळंतपणाला आली तेव्हा उतरला होता, दिवाळीनंतर दरसाल चढतो, हे सगळं त्या कार्डावर होतं. थोडक्यात, माझ्या रक्तदाबाच्या शेजारी माझ्या थापांचीही तारीखवार नोंद चालली होती. असा माणूस डॉक्टर म्हणून परवडत नाही.

बार्बरा स्टारफील्ड नावाच्या एका अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंनी चांगल्या प्राथमिक आरोग्यसेवेची काही लक्षणं सांगून ठेवली आहेत. त्यांत दवाखान्याचं दार जवळ आणि सतत उघडं असणं हे एक, आणि त्या दारामागचा माणूस वर्षानुवर्षं तोच असणं हे दुसरं. मला पहिलं हवं होतं आणि दुसऱ्यापासून सुटका हवी होती.

सुटका झाली ती एका नव्या पॉलिक्लिनिकमध्ये. एसी, माशांची टाकी, भिंतीवर टोकनचे लाल आकडे. काउंटरवरची मुलगी "बेसो काका" म्हणाली तेव्हाच अर्धं बरं वाटलं. आत तरुण डॉक्टर. त्यांनी कार्ड काढलं नाही, नखं पाहिली नाहीत. म्हणाले, "अगदी पहिल्यापासून सांगा." मला आयुष्यात हे कुणी म्हटलं नव्हतं. कारखान्यात 'मुद्द्याचं बोला' आणि घरी 'झालं का पुन्हा सुरू?' एवढंच ऐकत आलो होतो. मी पहिल्यापासून सांगितलं. नव्या डॉक्टरांपुढे माणूस कसा कोरा करकरीत असतो! माझ्या लोणच्याचा त्यांना पत्ता नव्हता, आणि विचारल्यावर मी 'मला मुळात आवडच नाही' असं सांगून टाकलं.

पुढच्या खेपेला त्या खुर्चीत दुसरेच डॉक्टर. पहिले सुरतेला गेले होते. हेही म्हणाले, "पहिल्यापासून सांगा." त्यानंतर तिसरे, मग एक मॅडम, मग आठवड्यातून एकदा वापीहून येणारे कुणीतरी. दर वेळी खुर्चीतला माणूस नवा आणि मागणी तीच. होता होता माझी कहाणी घोटून तयार झाली. कुठे थांबायचं, कुठे उसासा टाकायचा, 'आणि मग काय सांगू डॉक्टर' कुठे म्हणायचं, हे सगळं बसलं. माळ्यावरून उतरताना एकदा जरासं गरगरलं होतं, त्याची आधी चक्कर झाली, मग डोळ्यांपुढे अंधारी आली, मग कानात शीळ वाजू लागली. एकदा सौभाग्यवती बरोबर होती. मी रंगात येऊन रात्री छातीवर कुणी बसल्यासारखं कसं झालं ते सांगत होतो, तर मध्येच म्हणाली, "अहो, ते तुम्हाला नव्हतं झालं. तुमच्या भाऊजींना झालं होतं."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलेलं होतं. खोडलं नाही. भाऊजींच्या छातीचा ईसीजी माझ्या नावावर निघाला.

आता गोळ्यांकडे येतो. पॉलिक्लिनिकने मला रक्तदाबाची नवी गोळी दिली. जुन्या डॉक्टरांची गोळी घरात शिल्लक होती. मी उभा जन्म स्टोअरमध्ये काढलेला. शिल्लक माल टाकून द्यायला हात धजत नाही. जुनी सकाळी, नवी रात्री, असं सुरू केलं. पाकिटं वेगळी, नावं वेगळी, रंगही वेगळे. पोटात मात्र दोन्हींच्या अम्लोडिपिनच होतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं, पण ते वाचायला लागणारा चष्मा मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बदलायला टाकला होता.

अम्लोडिपिन बारीक रक्तवाहिन्या सैल करतं, त्याने दाब उतरतो. मात्रा वाढली की काहींच्या घोट्यांत पाणी झिरपून साठतं. माझ्या साठलं. मोज्यांचे वळ संध्याकाळपर्यंत जात नव्हते आणि चप्पल जावयाची वाटू लागली. पाय सुजले म्हणून मी पायांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पायांबद्दल विचारलं, मी पायांबद्दल सांगितलं. रक्तदाबाचं मी बोललो नाही, कारण तो विषय दुसऱ्या इमारतीतला होता. त्यांनी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी दिली.

ती फार गुणी निघाली. रात्रभर बेडरूम ते न्हाणीघर असा माझा शटल सुरू झाला. मग अर्थात त्याचे डॉक्टर. साठीच्या पुढचा पुरुष रात्री उठतो म्हटल्यावर त्यांना फार विचार करावा लागला नाही, प्रोस्टेटची गोळी लिहून दिली. या गोळीने मार्ग मोकळा होतो, पण काही जणांचा दाब उभं राहताक्षणी धाडकन खाली येतो. मी त्या काही जणांत होतो. एके पहाटे पलंगावरून उठलो आणि कपाटाला मिठी मारून उभा राहिलो. इतके महिने मी जी चक्कर नुसती सांगत होतो, ती शेवटी खरोखर आली. तपशीलही जुळत होते. अंधारी आली, शीळसुद्धा वाजली.

मग कान-नाक-घसा. चक्करेची गोळी. तिने पोटात जळजळ. जळजळीची गोळी. माझी गोळ्यांची पेटी म्हणजे पूर्वी चकल्यांचा असलेला स्टीलचा डबा. डबा मोठा करावा लागला.

पॉला रोचॉन आणि जेरी गुरविट्झ या दोघा डॉक्टरांनी १९९७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नेमकं हेच लिहून ठेवलं आहे. औषधाचा त्रास हा नवाच आजार समजायचा, त्यावर नवं औषध द्यायचं, त्या औषधाचा त्रास म्हणजे आणखी एक आजार, अशी ती साखळी. दोघांपैकी कुणी मला पाहिलेलं नाही, तरी वर्णन हुबेहूब. यातल्या एकाही डॉक्टरने खरं तर चुकीचं औषध दिलं नव्हतं. प्रत्येकाने त्याच्या वाट्याला आलेलं माझं एकेक अंग नीट तपासलं. सगळी अंगं एकाच माणसाची आहेत हे ठाऊक असलेला मी एकटा, आणि मी तर दर खेपेला नवीन गोष्ट सांगत होतो.

सरकारने यावर उपाय काढून ठेवला आहे, तो म्हणजे आभा. चौदा आकडी क्रमांक, देशात कुठेही जा, तुमची जुनी कागदपत्रं डॉक्टरांना दिसणार. मी एका शिबिरात हौसेने काढला, लॅमिनेट केला. पण ती माहिती आपल्या संमतीशिवाय कुणाला दिसत नाही असं तिथल्या मुलाने सांगितलं. ही सोय मला फार आवडली. मी कुणालाच संमती दिली नाही.

याच भरात माझं समाधान मोजलं गेलं. एका ओपीडीबाहेर केसपेपर घेऊन बसलो होतो. पांढऱ्या ॲप्रनमधली एक विद्यार्थिनी आली. कुठल्याशा अभ्यासासाठी रुग्ण सेवेबद्दल समाधानी आहेत का ते तिला विचारायचं होतं. फॉर्मवर पाच चेहरे छापलेले. एका टोकाला रडका, दुसऱ्या टोकाला हसरा. पोरीने मला हात धरून पंख्याखाली बसवलं, पाणी आणून दिलं आणि पेन सरसावून म्हणाली, "काका, घाई नाही. सावकाश सांगा." त्या क्षणी मी आरोग्यसेवेवर बेहद्द खूश झालो.

"डॉक्टरांना भेटायला किती वेळ थांबावं लागलं?"

"दहा मिनिटं." केसपेपरची रांग मी धरली नाही, कारण ती डॉक्टरांची रांग नव्हे. मधला तास मी बाहेर चहाला होतो, तोही धरला नाही.

"दर वेळी तेच डॉक्टर भेटतात का?"

"दर वेळी डॉक्टरच भेटतात. वकील अजून कधी भेटला नाही."

तिने जरा विचार करून 'होय'वर खूण केली.

"तुमच्या आधीच्या आजारांची डॉक्टरांना माहिती असते?"

"मी सांगतो ना. पहिल्यापासून."

"सेवेबद्दल एकंदर समाधान?"

आता पाहुण्याला ताटावर बसवून 'भाजी कशी झालीय?' विचारलं तर तो काय म्हणणार? खारट असली तरी 'छान' म्हणून पाण्याचा तांब्या जवळ ओढायचा, ही आपली रीत. शिवाय तिच्या मागेच तिचे सर उभे होते आणि पोरीच्या कपाळावर घाम होता. माझ्या एका खुणेने तिचे गुण जायचे. मी सगळीकडे हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. अत्यंत समाधानी. उठताना कपाटाऐवजी तिच्या सरांना धरलं.

पुढे कधीतरी मुलीने मोबाईलवर एक बातमी दाखवली, त्यातून कळलं की अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१२ साली असाच हिशेब मांडला होता. पन्नास हजारांहून अधिक माणसं. डॉक्टरांवर कोण किती खूश आहे आणि पुढे त्याचं काय झालं, असा. सर्वांत समाधानी गटाचा औषधांवरचा खर्च जास्त निघाला, इस्पितळात भरती होणं जास्त निघालं, आणि सर्वांत नाराज गटाच्या मानाने मरण्याचा धोका २६ टक्के जास्त निघाला. समाधानाने माणूस मरतो असा याचा सरळ अर्थ होत नाही. मागेल ती तपासणी आणि मागेल ती गोळी मिळाली की माणूस खूश होतो आणि ते त्याला बाधत असावं, अशी एक शंका. हे वाचल्यावर मी त्या विद्यार्थिनीकडून माझा फॉर्म परत मिळेल का याची चौकशी करून आलो. मिळाला नाही. तो विश्लेषणाला गेला होता.

उलट टोकाला नॉर्वे. तिथे २००१ पासून प्रत्येकाच्या नावावर एक ठरलेला डॉक्टर असतो. २०२१ मध्ये तिथल्या लोकांनी लाखो माणसांच्या नोंदी चाळल्या. ज्यांचा डॉक्टर पंधरा वर्षांहून जास्त काळ तोच होता, त्यांचं मरणाचं प्रमाण नुकताच डॉक्टर बदललेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळलं, आणि अचानक इस्पितळ गाठायची वेळही त्यांच्यावर कमी आली. पंधरा वर्षं! माझा सर्वांत टिकाऊ डॉक्टर लोणच्याच्या एका बरणीपुरता होता. नॉर्वेत लोणचं खातात की नाही ते मला ठाऊक नाही, पण ते लोक नखं दाखवायला घाबरत नसावेत.

असा सगळा सुखाचा मामला चालला असताना एके दुपारी दारात आशाताई उभी. आमची सोसायटी गावाच्या हद्दीत येते, त्यामुळे तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरायचं काम तिच्याकडे. वय, तंबाखू, दारू, चालणं-फिरणं, घरात कुणाला साखर-दाब आहे का, आणि कमरेचा घेर, प्रत्येकाला गुण. चाराच्या वर गेलात की तुमची तपासणी आधी. आयुष्यात पहिल्यांदा मला एका परीक्षेत भरघोस गुण मिळत होते. साठी ओलांडली याचेच चार.

"काका, उभे राहा. शर्ट वर." तिने टेप काढला. बायकोसमोर, शेजाऱ्याच्या देखत. मी श्वास आत घेतला आणि पोट पाठीला लावलं. पुरुषाला नव्वद सेंटिमीटरच्या पुढे गुण पडू लागतात, हे मी तिच्या कागदावर उलटं वाचलं होतं. टेप नव्वदच्या अलीकडे आला. ताई पेन उघडून म्हणाली, "बरं, आता श्वास सोडा." टेप तिच्या हातातून सरकत गेला तो शंभराच्या पार. ताईने आकडा लिहिला, आणि मला चक्कर आली म्हणून मी सोफ्यावर बसलो.

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?" तिने विचारलं. मी 'एक-दोन' म्हणायच्या आत सौभाग्यवतीने चकल्यांचा डबा आणून टीपॉयवर ठेवला. ताईने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि काही न लिहिता फोन लावला. "सिस्टर, एक काका आहेत. तुम्हीच बघा."

दुसऱ्या दिवशी आयुष्मान आरोग्य मंदिरात हजर झालो. पूर्वीचं उपकेंद्र. २०१८ च्या अर्थसंकल्पात देशभर अशी दीड लाख केंद्रं करायचं जाहीर झालं, मग नाव बदललं, रंग बदलला. मासे नव्हते, एसी नव्हता. सिस्टर खानवेलकडच्या कोकणा समाजातल्या, बरीच वर्षं याच भागात काढलेल्या. माझ्या आधी एक वारली तरुण बसला होता. सिकलसेलचा. त्याच्याशी त्या त्याच्या बोलीत बोलत होत्या: गोळी रोज घेतोस ना, भट्टीजवळचं काम सोडलं का, पाणी किती पितोस, मागच्या पावसाळ्यात दुखलं तसं पुन्हा दुखलं का. मग हळूच, जिच्याशी लग्न ठरतंय तिची तपासणी झाली का. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक मुलाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक. इथे तर एकालाच तो पुरता जडलेला. हा आजार जन्माचा. रक्त मधूनमधून तपासायचं, औषधाची मात्रा बेतायची, आणि हे वर्षानुवर्षं. १ जुलै २०२३ पासून देशभर मोहीम आहे, २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा आहे. दुधनी, कौंचा, मांदोनीकडच्या डोंगरातून उतरणाऱ्या माणसाने दर खेपेला पहिल्यापासून सांगत बसायचं म्हटलं तर त्याची दिवसाची मजुरी आणि शेवटची गाडी दोन्ही जायची. त्या पोराला काही सांगावं लागलं नाही. सिस्टरच सांगत होत्या, तो मान डोलावत होता.

मी मात्र गळा साफ केला. "काय सांगू सिस्टर, पहिल्यापासून—"

"नको. डबा द्या."

त्यांनी टेबलावर गुजराती वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक पाकीट उलटं करून मांडलं. मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचत गेल्या. दोन पाकिटं उचलून माझ्यासमोर धरली. "काका, ही दोन्ही एकच आहेत."

"रंग वेगळा आहे," मी स्टोअरकीपरच्या अधिकाराने म्हणालो.

त्यांनी उत्तर दिलं नाही. बसवून दाब घेतला, मग उभं करून घेतला. बसल्यावर वरचा आकडा १३०, उभं राहिल्यावर १०२. "पाय कधी सुजले? ही दुसरी गोळी कधी सुरू केली? रात्री उठणं त्याच्या आधीपासून का नंतर?" माझ्या रंगवलेल्या कहाणीतली एकही गोष्ट त्यांनी विचारली नाही. फक्त तारखा विचारल्या. कोऱ्या कागदावर तारखा एकाखाली एक आल्या तेव्हा मला माझा जन्मभराचा धंदा आठवला: आवक, जावक, शिल्लक. माझ्या शरीराचं असं स्टोअरमधलं कार्ड तयार करायचं मला कधी सुचलं नव्हतं, आणि ते चार ओळींत मावलं.

त्या कागदासकट त्यांनी मला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मॅडमकडे धाडलं. मॅडमनी दुहेरी गोळी लगेच थांबवली. पाय ओसरू लागले तशी पाण्याची गोळी सुटली, रात्रीचा शटल थांबला, मग ज्यांनी प्रोस्टेटची गोळी दिली होती त्यांना विचारून तीही गेली, आणि चक्कर व जळजळ आपापल्या गोळ्यांसकट निघून गेल्या. शेवटी डब्यात एकच गोळी राहिली. रोज सकाळी. जुन्या गल्लीतल्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी दिली होती तीच, तेवढीच. इतका खर्च, इतके एसी, इतके मासे, आणि माणूस पुन्हा होता त्या जागी.

सौभाग्यवतीने डबा घासून चकल्या भरल्या. मला त्यातली एक मिळते, मोजून.

याचे सामाजिक परिणाम कुणी लक्षात घेत नाही. संध्याकाळी दमणगंगेच्या काठी आम्हा निवृत्तांचा कट्टा भरतो. एक बिहारी, दोन गुजराती, एक केरळचे, एक ओडिशाचे, सगळे कारखान्यांतून मोकळे झालेले. भाषा पाच, विषय एक. तिथे ज्याच्या गोळ्या जास्त त्याचा शब्द शेवटचा. डबा भरलेला होता तेव्हा मी या कट्ट्याचा बिनविरोध अध्यक्ष होतो. माझ्या चक्करेची गोष्ट केरळच्या काकांनी त्यांच्या साडूला फोनवर ऐकवली होती. आता एकच गोळी म्हटल्यावर बाक सरकवून जागासुद्धा कुणी देत नाही. ओडिशाच्या काकांना स्टेंट आहे. अध्यक्षपद त्यांच्याकडे गेलं.

सिस्टर दर महिन्याला त्याच वारी बोलावतात. वही उघडतात, मागचं पान काढतात. एका खेपेला मी आपलं सहज म्हणून गेलो होतो की लोणचं मला मुळात आवडत नाही. त्यांनी वहीत पाहिलं, मग माझ्याकडे. "मागच्या महिन्यात काकू म्हणाल्या बरणी कपाटात वर ठेवते म्हणून. हात दाखवा."

परवा ॲप्रनवाली तीच मुलगी आरोग्य मंदिरात आली. अभ्यासाचा दुसरा टप्पा. तेच पाच चेहरे, तोच प्रश्न: सेवेबद्दल एकंदर समाधान? मी अमेरिकेचे २६ टक्के आठवले, तब्येतीचा विचार केला आणि रडक्याच्या शेजारच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. ती चपापली. "काका, मागच्या वेळी तर अत्यंत समाधानी होतात. नाराजीचं कारण काय लिहू?"

"लिही," मी म्हणालो, "सिस्टरच्या सगळं लक्षात राहतं."